तांबड्याचा कान

मल्हारीच्या वरच्या ओळीतले पुढचे दोन दात नव्हते. ते कसे पडले हे मानवतच्या मोंढ्यात कोणालाही विचारलं, तर सांगणारा आधी पोटभर हसून घ्यायचा आणि मग सांगायचा. दात लिंबाजी पैलवानाने पाडले होते. आणि कारण काय, तर माळेगावच्या जत्रेत एका म्हातारीने लिंबाजीला कुस्तीत चितपट केलं होतं.

मल्हारी मूळचा गंगाखेडच्या बाजूचा, धनगराचा. लहानपणी कळपामागे चालता चालता तो काठ्यांवर कोरत असे, कधी एडक्याची शिंगं, कधी गावातल्या माणसांची तोंडं. ज्याचं तोंड कोरलं त्याला ते लगेच ओळखू यायचं, आणि पुष्कळदा रागही यायचा. सोळाव्या वर्षी असाच मान खाली घालून कोरत बसला असताना त्यांच्याच कळपातल्या एका माजलेल्या एडक्याने मागून येऊन त्याला धडक दिली. खुब्याचं हाड मोडलं. बापाने त्या एडक्याला त्याच दिवशी कापलं, पण मल्हारीचा पाय आखूड झाला तो झालाच. दिवसाला सात-आठ कोस चालणं संपलं. कळप थोरल्या भावाकडे, येडबाकडे गेला आणि मल्हारी कोरलेल्या काठ्यांची मोळी घेऊन मानवतला आला. "त्या एडक्यानं मला डोकं कसं मारायचं ते शिकवलं," असं तो पुढे म्हणायचा. लोकांना ती थट्टा वाटायची.

मोंढ्यामागे व्यंकटरावांचा पत्र्याचा कारखाना होता. तिथे जत्रेतले खेळ तयार व्हायचे. कड्या फेकायच्या पाट्या, छऱ्यांच्या बंदुकीने पाडायची पाखरं, चेंडू मारला की जीभ बाहेर काढणारा राक्षस. व्यंकटराव स्वतः हाताने काही करत नसत, पण त्यांच्या डोक्यात दरवर्षी नवा खेळ येत असे. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत आणि परभणीच्या उरुसात त्यांच्या खेळांची जागा पहिली, अगदी तोंडाशी. ती त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली होती, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी कधी खुंटी ठोकली नव्हती.

मल्हारीच्या काठीवरची तोंडं बघून व्यंकटराव म्हणाले, "काठीवर काय करतोस रे? पेटीत कर."

त्यातून कुस्तीची पेटी झाली. कमरेइतकी उंच, काचेच्या तोंडाची पेटी, आत मूठ-दोन मूठ तांबडी माती, आणि त्या मातीत वीतभर उंचीचे दोन पैलवान, एक काळ्या आणि एक तांबड्या. बाहेर दोन्ही बाजूंना दोन-दोन दांडे. चाराणे टाकले की कळ सुटायची आणि दोघेजण दांडे हलवून आपापला पैलवान लढवायचे. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. घंटा वाजायची.

पेटीच्या पोटातल्या स्प्रिंगा आणि खटके मुंजाजी करायचा. मुंजाजी दोन बोलायच्या जागी अर्धा शब्द बोलणारा. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून खेड्याखेड्यांत वस्त्या पेटल्या, त्यात त्याचं घर जळालं होतं. अंगावरच्या कपड्यांनिशी तो मानवतला आला. व्यंकटरावांनी नाव-गाव न विचारता त्याला भात्यापुढे बसवलं होतं. पैलवानांना मिशा रंगवण्याचं आणि लंगोट शिवण्याचं काम चतुराबाईकडे होतं. तिचं तोंड मात्र दिवसभर चालायचं.

काळ्या कोणासारखा नव्हता. तांबड्या मात्र उभा लिंबाजी होता. लिंबाजी तेव्हा पंचविशीचा, मानवतच्या तालमीतला नावाजलेला गडी. मल्हारीने त्याला चार आखाड्यांत बघून त्याची मान, पोटऱ्या आणि मुख्य म्हणजे मोडलेला डावा कान, सगळं सागवानात उतरवलं होतं. लिंबाजीला कळलं तेव्हा तो फुगला. सगळ्या जिल्ह्यात आपण काचेआड लढतो याचा त्याला अभिमान झाला. ऐंशी सालच्या माळेगावच्या जत्रेत मित्रांचा घोळका घेऊन तो पेटीपाशी आला आणि ओरडला, "या, लिंबाजीला लिंबाजीच लढवणार! दुसऱ्या बाजूनं कोण येतंय?"

तानुबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. नातवाला कडेवरून खाली ठेवलं, पदर खोचला आणि काळ्याचे दांडे धरले. लिंबाजीने सगळा जोर लावून दांडे ओढले. तांबड्या नुसता थरथरला. तानुबाईने दह्याच्या डेऱ्यात रवी फिरवावी तसा एक दांडा फिरवला आणि तांबड्याची पाठ मातीला लावली. घंटा वाजली.

"पैलवान, दूध पीत जा रं," तानुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीला बघून बायका पदराआड हसायला लागल्या. तिसऱ्या दिवशी तो दारू पिऊन पेटीपाशी आला आणि त्याने मल्हारीची गचांडी धरून त्याला वर उचललं. "माजी पाठ लावतोस? म्हातारीकडून?" पहिल्या ठोशाला ओठ फाटला, दुसऱ्याला दोन दात मातीत पडले. तिसरा बसायच्या आत मुंजाजीने मागून त्याच्या मानेला मिठी मारली, म्हणून जबडा वाचला.

पंधरा दिवसांनी लिंबाजी कारखान्यात आला. हातात दुधाची चरवी. खाली बघत म्हणाला, "दात न्हाईत तर दूध तरी पी."

मल्हारीने चरवी घेतली आणि त्याला पेटीपाशी नेलं. "दांडा ओढायचा न्हाई, पैलवान. गोंजारायचा. तुमी त्याला जीव जाईस्तोवर दाबता, मग तो लढंल कसा?"

तेव्हापासून दोघांचं जमलं. लिंबाजी वर्षातून एकदा तरी कारखान्यात यायचा, आणि तो दिवस ठरलेला होता, खंडेनवमी.

खंडेनवमीला व्यंकटरावांच्या कारखान्यात एकही हत्यार काम करत नसे. वाकस, पटाश्या, रंधे, कानस, मुंजाजीचे हातोडे, चतुराबाईचे कुंचले, एवढंच काय, सुईसुद्धा धुऊन पुसून पटांगणात घोंगडीवर मांडायची. मधोमध काळ्या आणि तांबड्याचे मूळ फर्मे. हे दोन फर्मे म्हणजे मल्हारीने पहिल्यांदा कोरलेले पैलवान. पुढचा प्रत्येक बाहुला त्यांच्यावरून माप घेऊन व्हायचा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन करून येईपर्यंत त्या मांडणीतल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि कारखान्याचं काहीही मांडणीबाहेर ठेवायचं नाही. एका वर्षी एक गिरमिट फळीखाली राहून गेलं, तर मल्हारी वर्षभर हळहळला होता. मुंजाजी देव मानत नव्हता. तो फक्त बुद्धवंदना करायचा. पण आपले हातोडे मात्र तोच सगळ्यांत आधी घासून आणायचा. "सगळ्यांचे बसले, माजेबी बसू द्या," एवढंच म्हणायचा.

अशी अकरा वर्षं गेली. मग व्यंकटरावांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांच्या जावयाने कारखाना एका कंपनीला विकला. कारखाना, जत्रांमधल्या जागा आणि सगळे फर्मे, असं कागदावर लिहिलेलं होतं. व्यंकटरावांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि लेकीकडे निघून गेले. जाताना त्यांनी मल्हारीच्या डोक्यावर हात ठेवला, पण जीभ वळत नव्हती, त्यामुळे काय म्हणाले ते कोणालाच कळलं नाही.

कंपनीचे मॅनेजर सोनटक्के गोड बोलणारे होते. पहिल्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. म्हणाले, "काही बदलणार नाही. उलट वाढेल." तीन महिन्यांनी टेंपोतून पडद्याची यंत्रं आली, व्हिडिओ गेमची. पडद्यावर एक पिवळा ठिपका पळायचा आणि बटण दाबलं की कुईकुई आवाज व्हायचा. चतुराबाई बराच वेळ बघत राहिली.

"साहेब, ह्यात हारलेला कोन आन् जितलेला कोन?"

"यंत्र जिंकतं, बाई."

"मंग मानसानं कामून खेळायचं?"

सोनटक्के हसले. आठवड्याने त्यांनी कारखान्याला कुलूप लावलं. कंपनीला हवी होती ती जागा, माळेगावची आणि उरुसातली. खेळ नको होता. पण तो दुसऱ्या कोणी करून शेजारी मांडलेलाही तिला नको होता. म्हणून तयार पेट्या, साचे, फर्मे, सगळं मोडून टाकायचा हुकूम आला. यादी वाचली तेव्हा सगळं मिळालं, फक्त दोन सागवानी फर्मे मिळाले नाहीत.

ते मल्हारीने येडबाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, लोकरीच्या पोत्यात दडवले होते. येडबाचा कळप तेव्हा गोदावरीकाठी बसलेला होता.

फर्मे शोधायला सोनटक्क्यांनी लिंबाजीला पाठवलं. लिंबाजीचा गुडघा गेला होता. कुस्त्या बंद झाल्या होत्या. तालमीतली पोरं वाकून नमस्कार करायची, पण खुराकाला कोणी विचारत नव्हतं. कंपनीने त्याला जत्रांच्या जागा सांभाळायला पगारावर ठेवलं होतं.

तो भरदुपारी मल्हारीच्या घरी आला. मल्हारीची बायको केवळाबाई भाकरी थापत होती.

"मालकाचा माल हाय, मल्हारी. दे."

"वाळवी लागली."

"सागाला?" लिंबाजी म्हणाला. "मला येडा समजायलास?"

"मालक गेले, पैलवान. आता कंपनी हाय. ती फोडनार. तुमच्याच तोंडावर घाव घालनार. तुमाला कसं चालतंय?"

लिंबाजीने मल्हारीचा डावा हात हातात घेतला, ओळखीच्या माणसाचा घ्यावा तसा, आणि करंगळी उलटी वाकवायला लागला. "बोल."

मल्हारीने मान हलवली. काडी मोडल्यासारखा आवाज आला. केवळाबाईने तापलेला तवा उचलून लिंबाजीच्या दंडावर हाणला. चर्र झालं. तो ओरडला नाही, नुसता मागे सरला. दारातून म्हणाला, "डावा हात धरला ते ध्येनात ठेव. दुसरा आला असता तर उजवा धरला असता."

पण परत गेल्यावर त्याने सोनटक्क्यांना एक गोष्ट सांगितली. "साहेब, मारून तो बोलायचा न्हाई. खंडेनवमीला त्यांना शेवटची पूजा करू द्या. जे दडवलंय ते आपसूक पटांगणात येईल."

परवानगी मिळाली तेव्हा मुंजाजीला वास आला. "कुलूप लावनारा पूजेला कुलूप काढून देतो?" तो मल्हारीला म्हणाला. "फर्मे आनू नको."

केवळाबाईनेही बजावलं. मल्हारी रात्रभर तळमळला. सगळी हत्यारं पूजेला बसणार, आणि ज्यांच्यासाठी ती घासली, झिजवली, ते दोघं लोकरीच्या पोत्यात, अंधारात? पंगत बसली आणि घरची लेकरं कोंडून ठेवली, असं त्याला झालं. पहाटेच्या एसटीने तो गंगाखेडला गेला, तिथून पायी येडबाच्या वाड्यावर. दहा वाजता फर्मे घोंगडीत गुंडाळून तो कारखान्याच्या पटांगणात आला.

मुंजाजीने घोंगडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आनलेस?"

"आनले."

"मेलास तू. आन् आमाला घेऊन मेलास."

मांडणी झाली. तांबड्याच्या कपाळाला हळद लावताना मल्हारीच्या बांधलेल्या करंगळीतून कळ गेली. चतुराबाईने दोघांच्या मिशा नव्याने रंगवल्या होत्या. नारळ फुटला, आणि त्याच वेळी फाटक उघडलं.

लिंबाजी आणि त्याच्यामागे तीन गडी. सोनटक्के फाटकातच थांबले. गड्यांकडे पहारी होत्या. ते आधी तयार पेट्यांकडे वळले. पहिली काच फुटली. मग पेटी आडवी पाडून तिच्यात पहार खुपसली, मातीचा धुरळा उठला, आतली घंटा एकदा वाजली आणि बसली. दुसरी. तिसरी. बाहुले बाहेर पडत होते, त्यांच्यावर पाय पडत होते, लाकडी हात-पाय पटांगणभर उडत होते. मुंजाजीच्या स्प्रिंगा तुटलेल्या आतड्यांसारख्या लोंबत होत्या. चतुराबाई मूठमूठ माती उचलून गड्यांच्या डोळ्यांत फेकत होती आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. एकाने तिला ढकललं, ती फुटलेल्या काचेवर पडली आणि तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरत गेला.

ते बघून मुंजाजी मांडणीकडे धावला. त्याने आपला सगळ्यांत मोठा हातोडा उचलला. हातोड्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. समोर एक गडी होता, त्याची पाठ मुंजाजीकडे होती.

"मुंजा! ठेव!" मल्हारी ओरडला. "पूजेतला हाय!"

मुंजाजी थांबला. वर उचललेला हात तसाच राहिला. "माजं घर जाळलं तवाबी माज्या हातात काही नव्हतं," तो म्हणाला. इतकं सलग वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"ठेव, मुंजा. पाया पडतो."

मुंजाजीने हातोडा ठेवला. फूल उचलून त्याच्यावर परत ठेवलं. वळला, आणि तेवढ्यात पहार त्याच्या बरगड्यांवर बसली. तो गुडघ्यांवर आला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला.

आता फर्मेच उरले होते. मल्हारी त्यांच्यावर पालथा पडला. हाताशी वाकस होता, पाच धारदार पटाश्या होत्या, कुऱ्हाड होती. त्याने कशालाही हात लावला नाही. एका गड्याने त्याचा आखूड पाय ओढला, तर त्याने वळून त्याच्या पोटरीचा लचका तोडला. दुसऱ्याने कंबरेत लाथ घातली. काळ्या त्याच्या छातीखालून निसटला आणि लिंबाजीने मांडणीतली कुऱ्हाड उचलून एका घावात त्याचे दोन तुकडे केले. कुऱ्हाडीच्या दांड्यावरची ओली हळद लिंबाजीच्या तळहाताला लागली.

"सरक, मल्हारी."

तांबड्याची मान मल्हारीच्या उजव्या मुठीत होती.

"पैलवान, सोताला मारता?"

लिंबाजी उभा राहिला. खाली त्याचीच मान, त्याच्याच पोटऱ्या, त्याचाच मोडका कान. पंचविशीतला. हळद लावलेला, ताज्या मिशांचा. उगारलेली कुऱ्हाड तो आता खाली ठेवणार, असं वाटलं. इतक्यात फाटकातून सोनटक्के म्हणाले, "काय झालं, लिंबाजी? म्हातारीची आठवण झाली का?"

गडी हसले.

लिंबाजीने कुऱ्हाड फिरवून तिच्या पाठीचा घाव घातला. भिऊन हा हात काढील, असं त्याला वाटलं असावं. मल्हारीने हात काढला नाही. तांबड्याचं धड खांद्यापासून फाटलं, आणि मल्हारीच्या उजव्या हाताची दोन बोटं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, दगडावर चिरडली. लिंबाजीने कुऱ्हाड टाकून दिली. मल्हारी स्वतःच्या बोटांकडे बघत नव्हता. तो मातीत चाचपत होता. तांबड्याचं डोकं मानेपासून सुटून कुठेतरी उडालं होतं.

मुंजाजीच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. चतुराबाईला बारा टाके पडले. मल्हारीची दोन बोटं दवाखान्यात काढून टाकावी लागली.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक आपट्याची पानं घेऊन घरोघर जात होते. लिंबाजी एकटाच मल्हारीच्या दारात आला. दंडावर तव्याचा डाग, हातात पानं. केवळाबाई विळी घेऊन उठली. मल्हारीने तिला हाताने अडवलं आणि बाहेर गेला.

"सोनं घे," लिंबाजी म्हणाला. "त्यो म्हातारीचं बोलला, आन् माजं डोकं फिरलं."

"वाका थोडं, पैलवान. उराभेट घ्यायची."

लिंबाजी वाकला. मल्हारीने दोन्ही जखमी हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, मान मागे घेतली आणि कपाळ त्याच्या तोंडावर असं आदळलं की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लिंबाजी उंबऱ्यावर बसला. ओंजळीत रक्त आणि दोन दात पडले. त्याने दातांकडे पाहिलं, मग मल्हारीकडे. हात उचलला नाही.

मग कमरेच्या शेल्यातून त्याने एक पुरचुंडी काढली. आत तांबड्याचं डोकं होतं. मिशी अर्धी निघाली होती, कान शाबूत होता.

"पायापाशी येऊन पडलं होतं," तो बोबडं बोलला. "साहेबाला दावलं न्हाई."

मल्हारीने डोकं घेतलं. मग पानंही घेतली.

त्या हिवाळ्यात माळेगावच्या पहिल्या जागेवर पडद्याची यंत्रं लागली. दोन वर्षांत ती धुळीने बंद पडली आणि कंपनीने नेली. कुस्तीच्या पेट्या पुन्हा झाल्या नाहीत. एका डोक्यावरून पैलवान होत नाही, आणि तीन बोटांच्या हाताला पटाशी पेलत नाही. मल्हारी येडबाच्या वाड्यावर लोकर कातरायला जाऊ लागला. लिंबाजीने नोकरी सोडली की नोकरीने त्याला सोडलं, ते कोणी विचारलं नाही. मात्र दर खंडेनवमीला तो येतो. घोंगडीवर पाच पटाश्या आणि एक लाकडी डोकं असतं. प्रसाद म्हणून केवळाबाई मुद्दाम मऊ शिरा करते, दोघांसमोर ताट आदळते आणि म्हणते, "खा, बोळक्यांनो."

मुंजाजी पूर्ण्याला रेल्वेत खलाशी झाला. तो सव्वादोन वर्षं मल्हारीशी बोलला नाही. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन तो अचानक दारात उभा राहिला. दोघांनी चहा घेतला. बशी खाली ठेवताना मल्हारी म्हणाला, "मुंजा, मी तुला ठेव म्हणलो ते चुकलं माजं. उचलू द्यायला पायजे होतं."

मुंजाजीने देवळीतल्या तांबड्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग उठला, जवळ गेला आणि त्याच्या मोडक्या कानावरची धूळ अंगठ्याने पुसली.

"व्हय," तो म्हणाला, "चुकलं." आणि पुड्यातला एक पेढा काढून मल्हारीच्या तीन बोटांत ठेवला.